‘एखादा प्रसंग सांगा’ म्हटल्यावर काय सांगायचं?

नमस्कार मॅडम,

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली, वय 24. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलं आणि कुंडईच्या एका औषध कंपनीत कॉन्ट्रॅक्टरमार्फत दोन वर्षं पॅकिंगला होते. आता क्वालिटी अ‍ॅश्युरन्समध्ये कायम नोकरी मिळावी म्हणून मुलाखती देते आहे. टेक्निकल प्रश्नांना अडत नाही. अडते ती ‘कम्युनिकेशनमुळे अडचण आली असा एखादा प्रसंग सांगा’ किंवा ‘तुम्ही सोडवलेला एखादा प्रॉब्लेम सांगा’ असं विचारलं की. ‘माय कम्युनिकेशन स्किल्स आर गुड, आय अ‍ॅम अ टीम प्लेयर’ एवढं बोलून गप्प होते. मागच्या खेपेला यूट्यूबवरचं एक उत्तर पाठ करून गेले. पॅनेलवरच्या सरांनी ‘मग क्लायंट काय म्हणाला?’ एवढंच विचारलं आणि माझी बोबडी वळली. पॅकिंगच्या लाईनवर मला कुठला आलाय क्लायंट!

खरं सांगायचं तर माझ्या बाबतीत सांगण्यासारखं काही घडलेलंच नाही. रोजची पाळी आणि घर. एकदा कार्टनचा हिशेब लागेना, 48 कमी येत होती, सगळे लाईनवर शोधत होते, तेव्हा मी आदल्या पाळीच्या मुलाला फोन करून विचारलं आणि ती मिळाली. पण असल्या गोष्टी मुलाखतीत कोण सांगतं? शिवाय माझं इंग्रजी. चौथीपर्यंत मराठी शाळा, घरी कोकणी. खाणी बंद पडल्यापासून बाबांचा ट्रक दारात उभा आहे, त्यामुळे ही नोकरी मला हवीच आहे. एखादा चांगला प्रसंग रचून सांगितला तर चालेल का? आणि रेझ्युमेवर कंपनीचं नाव घालू की कॉन्ट्रॅक्टरचं?

– एक वाचक, सत्तरी

बाय,

प्रसंग रचू नकोस. रचायची गरजच नाही, कारण उत्तर तुझ्या पत्रातच पडलेलं आहे. ‘असल्या गोष्टी कोण सांगतं’ म्हणून तू ज्या 48 कार्टनांची गोष्ट एका वाक्यात उरकलीस, ती ऐकायला क्यूएचा, म्हणजे क्वालिटी अ‍ॅश्युरन्सचा माणूस खुर्चीत सरसावून बसेल. मी बरीच वर्षं कारखान्यांच्या एचआरमध्ये काढली, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. ‘आय अ‍ॅम अ टीम प्लेयर’ ऐकून कुणी समोरच्या कागदावर काही टिपून घेतल्याचं मला आठवत नाही. टिपण्यासारखं त्यात काही नसतंच.

आधी हे प्रश्न विचारतात कशाला ते बघ. 1954 साली जॉन फ्लॅनगन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ‘क्रिटिकल इन्सिडंट टेक्निक’ नावाची पद्धत मांडली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हवाई दलासाठी वैमानिक निवडण्याचं काम करताना ती आकाराला आली होती. ‘चांगला वैमानिक कसा असतो’ याबद्दलची मतं गोळा करण्याऐवजी, अमुक वेळी प्रत्यक्ष काय झालं आणि त्या माणसाने नेमकं काय केलं, याच्या नोंदी घ्यायच्या. पुढे कामगार निवडीत हा विचार रुजला आणि ‘एखादा प्रसंग सांगा’ हा प्रश्न मुलाखतीत येऊन बसला. आज बऱ्याच कंपन्यांत पॅनेलपुढे छापील तक्ता असतो. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, प्रत्येक उत्तराला 1 ते 5 असे गुण आणि शेजारी ‘पुरावा’ म्हणून एक रकाना. तू स्वतःबद्दल दिलेलं मत त्या रकान्यात घालता येत नाही. तू केलेली कृती घालता येते.

यूट्यूबवरचं उत्तर का फसलं, तेही यातच आलं. दुसऱ्याच्या गोष्टीत तू हजर नव्हतीस, त्यामुळे क्लायंट काय म्हणाला ते तुला माहीत असण्याचं कारणच नाही. आपल्या जत्रेतल्या नाटकात संवाद विसरला तर विंगेत प्रॉम्प्टर उभा असतो. मुलाखतीत तो नसतो, आणि पॅनेलचं अर्धं कामच मुळी संवादाबाहेरचं विचारणं हे असतं. ‘तेव्हा किती वाजले होते?’, ‘तिथे आणखी कोण होतं?’, ‘तुम्हीच का पुढे झालात?’ खऱ्या प्रसंगाला अशा दहा प्रश्नांची उत्तरं आपोआप चिकटलेली असतात. रचलेल्या प्रसंगाला तिसऱ्याच प्रश्नाला टाके उसवतात. आणि क्यूएच्या जागेसाठी खोटी गोष्ट सांगताना पकडलं जाणं म्हणजे काय, ते मी वेगळं सांगायला नको. ज्या विभागाचं अख्खं काम नोंदी खऱ्या आहेत की नाहीत हे बघण्याचं, तिथे तुला कुणी बसवणार नाही.

आता कम्युनिकेशन. हा शब्द ऐकला की तुझ्या डोळ्यांपुढे फाडफाड इंग्रजी येतं. क्यूएवाल्याच्या डोळ्यांपुढे लॉगबुक येतं. औषधाच्या कारखान्यात जे लिहिलं नाही ते झालंच नाही असं धरतात. बॅच रेकॉर्ड, लाईन क्लिअरन्सची (आधीच्या बॅचचं काही लाईनवर उरलं नाही ना ते बघण्याची) चेकलिस्ट, पाळी बदलतानाचं हँडओव्हर, काही बिनसलं तर त्याची लेखी नोंद म्हणजे डेव्हिएशन: तिथला बहुतेक महत्त्वाचा संवाद कागदावर होतो. अल्कोआचे नियम तू ट्रेनिंगमध्ये घोकलेच असशील. नोंद कुणी केली ते कळलं पाहिजे, ती वाचता आली पाहिजे, काम होत असतानाच केलेली पाहिजे, मूळ पाहिजे आणि बरोबर पाहिजे. हे पाचही संवादाचेच नियम आहेत. म्हणून ‘कम्युनिकेशनमुळे अडचण आली असा प्रसंग’ म्हटल्यावर कुणाशी भांडण झालं होतं ते आठवत बसू नकोस. अर्धवट लिहिलेली नोंद, तोंडी सांगितलेलं पण न पोचलेलं काम, नव्या मुलाला एकदा सांगून न कळलेली पायरी, हे सगळं त्यात येतं. दोन वर्षं लाईनवर काढलेल्या माणसाकडे असे प्रसंग नाहीत, हे मला पटायचं नाही.

तर त्या 48 कार्टनांकडे येऊ. पॅनेलवर एचआरचंही कुणीतरी असेल, त्यांना या हिशेबाचं महत्त्व माहीत असेलच असं नाही. त्यांच्यासाठी एक वाक्य खर्च कर: एका औषधाचं छापील कार्टन दुसऱ्या औषधाच्या बॅचमध्ये शिरलं तर पेशंटच्या हाती भलतंच औषध पडू शकतं, म्हणून स्टोअरमधून आलेलं प्रत्येक कार्टन भरलेल्या, बाद झालेल्या किंवा परत केलेल्या आकड्यात सापडावं लागतं. समजा 5,000 आली, 4,860 भरली, 92 बाद म्हणून लिहिली, परत काही गेली नाहीत. 4,952 चा हिशेब लागला, 48 चा नाही. एवढं आकड्यांत सांगितलंस की खोलीतल्या सगळ्यांना अडचण कळते.

पुढे तू लिहितेस, सगळे लाईनवर शोधत होते. म्हणजे मशीनखाली, कन्व्हेयरच्या फटीत, ट्रेमध्ये. तू मात्र आदल्या पाळीच्या मुलाला फोन लावलास. का? पॅनेल हाच प्रश्न विचारणार, आणि याचं उत्तर तू मलाही दिलेलं नाहीस. तुला काहीतरी दिसलं असणार. हँडओव्हरच्या पानावर बाद कार्टनांचा उल्लेख होता पण आकडा नव्हता, असं काही? की बाद मालाचा डबा नेहमीच्या जागी नव्हता? की पूर्वीही एकदा असंच झालेलं तुझ्या लक्षात होतं? जे असेल ते आठवून काढ. तुझं सगळं उत्तर त्या एका ‘का’वर उभं राहणार आहे. तो नसेल तर कार्टन नशिबाने मिळाली, तो असेल तर तू विचार करून शोधलीस.

तुझे तपशील माझ्याकडे नाहीत, म्हणून खालच्या नमुन्यात मी अंदाजाने भरले आहेत. ते खोडून तुझे खरे घाल.

‘मी पॅकिंगला दुसऱ्या पाळीत होते. बॅच संपताना कार्टनच्या हिशेबात 48 कमी आली, म्हणून लाईन थांबवली. सगळे मशीनच्या आसपास शोधत होते. मी हँडओव्हरचं पान पाहिलं. पहिल्या पाळीने बाद कार्टन बाजूला ठेवल्याचं त्यात लिहिलं होतं, पण किती आणि कुठे ते नव्हतं. बॅच रेकॉर्डमधला बाद मालाचा आकडा फक्त आमच्या पाळीचा होता. मला वाटलं, पहिल्या पाळीची बाद कार्टन हिशेबात आलीच नसावीत. ते पान सुपरवायझरना दाखवलं आणि त्यांना विचारून केबिनमधल्या फोनवरून पहिल्या पाळीच्या ऑपरेटरशी बोलले. तो हिंदी बोलणारा, म्हणून हिंदीत बोलले. कार्टन कमी कशी आली असं न विचारता, बाजूला ठेवलेली कार्टन कुठे आहेत एवढंच विचारलं. त्याने जागा सांगितली. पिशवीत 48 निघाली. मी आणि लाईनवरच्या एका मुलीने ती मोजली, सुपरवायझरनी नोंद केली. दुसऱ्या दिवशी मी त्यांना सुचवलं की हँडओव्हरमध्ये बाद मालाचा आकडा आणि जागा दोन्ही लिहायला सांगावं. फॉरमॅट क्यूएच्या ताब्यात असतो, त्यात रकाना वाढवायचा तर चेंज कंट्रोल लागतं, ते माझ्या हातात नव्हतं. पण शेऱ्यात आकडा घालायची पद्धत आमच्या लाईनवर तेव्हापासून पडली.’

हे दोन मिनिटांत सांगून होतं. यात ‘माझं कम्युनिकेशन चांगलं आहे’ हे वाक्य नाही, आणि ते नसल्याचं कुणाला जाणवतही नाही. मला यातल्या दोन जागा फार मोलाच्या वाटतात. एक, ऑपरेटरला काय विचारलं ती. पाळी संपवून घरी पोचलेल्या माणसाला फोनवर ‘तू काय घोळ घातलास’ म्हटलं तर तो पहिल्यांदा स्वतःला वाचवणार आणि कार्टन राहतील बाजूला. ‘कुठे आहेत’ विचारलं की तो जागा सांगतो. माणसाला आरोपी न करता माहिती काढून घेणं हे क्यूएचं रोजचं काम आहे, आणि तू ते पद मिळायच्या आधीच केलेलं असशील तर ते सांगायला लाजू नकोस. दुसरी जागा चेंज कंट्रोलची, म्हणजे बदलासाठी लागणाऱ्या लेखी मंजुरीची. फॉरमॅट आपल्या मनाने बदलायचा नसतो हे ज्याने काम केलंय त्यालाच माहीत असतं. कोचिंग क्लासमध्ये हे वाक्य विकत मिळत नाही.

तुझ्या खऱ्या गोष्टीचा शेवट इतका नेटका नसेल. कदाचित कार्टन मिळाली, लाईन सुरू झाली आणि सगळे विसरून गेले. मग तसंच सांग, आणि पुढे म्हण की आज तीच वेळ आली तर मी हँडओव्हरबद्दल सुपरवायझरना लेखी सुचवीन. नसलेली सुधारणा जोडण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

सांगायच्या क्रमासाठी ‘स्टार’ नावाचा एक साचा सगळीकडे शिकवतात: परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम. साचा वाईट नाही. पण तो वापरणारे बहुतेक उमेदवार पहिल्या पायरीवरच घर बांधतात. कंपनी कधी सुरू झाली, लाईनवर किती मशीन, पाळीत किती माणसं, हे सांगता सांगता वेळ संपतो आणि कृतीच्या वाटणीला एक वाक्य येतं. गुण मात्र तिथेच असतात. परिस्थिती तीन-चार वाक्यांत आटप.

आणखी एक खोड आपल्याकडच्या मुलींत मी फार पाहिली. स्वतः केलेलं कामही त्या घोळक्यात लपवतात. ‘शोधाशोध केली, मग मिळाली.’ कुणी शोधलं? पॅनेलला तुझ्या अख्ख्या लाईनला नोकरी द्यायची नाही. पान तू पाहिलंस, फोन तू केलास, नोंद सुपरवायझरनी केली, असं ज्याचं त्याला देऊन सांग. त्यात बढाई येत नाही, उलट दुसऱ्याचं श्रेय जागच्या जागी राहतं.

‘तुम्ही सोडवलेला एखादा प्रॉब्लेम सांगा’ हा प्रश्न आला तरी हीच गोष्ट चालते, फक्त जोर हलवायचा. तिथे फोनपेक्षा शोधाचा क्रम महत्त्वाचा. तू आधी कोणत्या शक्यता तपासल्यास? स्टोअरने दिलेला आकडाच चुकीचा होता का? भरलेल्या बॉक्सांची मोजणी पुन्हा केली का? मशीनचा काउंटर आणि हाताने केलेली मोजणी जुळत होती का? एकेक शक्यता कशी बाद केली हे ऐकायला त्यांना आवडतं. उपाय लगेच सुचल्याचं कौतुक औषधाच्या कारखान्यात फारसं नसतं, कधी कधी त्याची भीतीच वाटते.

मग येतो खरा खोचक प्रश्न: ‘मूळ कारण काय होतं?’ इथे ‘ऑपरेटर लिहायला विसरला’ म्हणालीस तर चांगल्या पॅनेलपुढे गुण जातील. टोयोटामध्ये रुजलेली ‘पाच वेळा का विचारा’ ही पद्धत तुला ठाऊक असेल. ती इथे लावून बघ. हिशेब का लागला नाही? पहिल्या पाळीची बाद कार्टन मोजलेली नव्हती. का नव्हती? ती कुणी मोजायची, बाद करणाऱ्या पाळीने की बॅच संपवणाऱ्या, हे ठरलेलं नव्हतं. का नव्हतं? हँडओव्हरच्या पानावर त्याला जागाच नव्हती. तिसऱ्याच पायरीला तू माणसावरून पद्धतीवर आलीस. पाच हा आकडा काही पवित्र नाही. युरोपच्या जीएमपी (औषधं नीट बनवण्याच्या) नियमांतही असं म्हटलंय की मानवी चूक हे कारण धरायचं असेल तर पद्धतीतला किंवा यंत्रणेतला दोष नजरेतून सुटलेला नाही याची खात्री करून मगच धरा. आपल्याकडच्या सुधारित शेड्यूल एमची, म्हणजे औषध कारखान्यांसाठीच्या सरकारी नियमांची, अधिसूचना डिसेंबर 2023 मध्ये निघाली. त्यातला फार्मास्युटिकल क्वालिटी सिस्टिमचा भाग मुलाखतीआधी एकदा वाचून जा, क्यूएच्या जागेसाठी जातेस म्हणून.

एकाच मुलाखतीत दोन्ही प्रश्न आले तर मात्र दोन्हीकडे कार्टनच काढू नकोस. दुसरा प्रसंग हाताशी हवा. तुझ्या लाईनवर कोकणी, हिंदी, कन्नड, कदाचित ओडिया बोलणारी माणसं असतील. नव्या मुलाला लाईन क्लिअरन्स समजावताना तू फक्त तोंडाने सांगितलंस, की सोबत करून दाखवलंस आणि मग त्याच्याकडून करून घेतलंस? तिथे काहीतरी नक्की सापडेल. भजनी मंडळाची स्पर्धेची धावपळ, वाड्यावरच्या सार्वजनिक गणपतीचा जमाखर्च, कॉलेजच्या प्रोजेक्टमधली भांडणं, हे प्रसंगही चालतात. पण ते नुकतं कॉलेज संपवलेल्याने सांगावेत. तुझ्याकडे दोन वर्षांची नोकरी आहे, तर पहिले दोन प्रसंग कामाच्या जागेचेच असू देत.

‘काय केलंत’ आणि ‘काय कराल’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, तेही ध्यानात ठेव. गोव्यातल्या कारखान्यात हमखास येणारा दुसऱ्या जातीचा प्रश्न म्हणजे चवथीचा, गणपतीच्या सणाचा. ‘चवथीचा आठवडा आहे, निम्मी माणसं रजेवर, पाळीत एक चेकर कमी, आणि डिस्पॅचची घाई. काय कराल?’ उत्साही उमेदवार छाती पुढे काढून सांगतो, ‘मी दोघांचं काम करीन.’ घात! ज्याने काम केलं त्यानेच ते तपासलं तर तपासणीला काही अर्थच उरत नाही. दुसऱ्या माणसाची सही ही दुसऱ्याच माणसाची हवी. तेव्हा उत्तर असं द्यावं: किती माणसं आहेत आणि कुठल्या तपासण्या टाळता येणार नाहीत ते आधी पाहीन, सुपरवायझरना आणि प्लॅनिंगला वेळेवर सांगीन की सगळ्या लाईन चालणार नाहीत, कुठली बॅच आधी घ्यायची ते त्यांच्याकडून ठरवून घेईन, तपासणीला पात्र असलेलं दुसऱ्या विभागातलं कुणी मिळतं का ते विचारीन. तपासणी गाळणार नाही. चवथ दरवर्षी येते, तेव्हा रजांची यादी आधीच मागून घेतली असती, हे शेवटी जोडलंस तर प्लांट हेडचा चेहरा बघ.

वरिष्ठांशी पटलं नाही असा प्रसंग विचारला तर खराखुरा मतभेद सांग, तोही कामाबद्दलचा. तुझं म्हणणं काय होतं, त्यांचं काय होतं, कुणाचं ऐकलं गेलं, एवढं पुरे. त्यांचं बरोबर निघालं असेल तर तसं सांगायलाही हरकत नाही. जुन्या सुपरवायझरच्या स्वभावाबद्दल चकार शब्द नको. वेर्ण्यापासून तुयेपर्यंत गोव्यातलं औषधांचं जग एवढंसं आहे की समोर बसलेला माणूस त्याचा जुना सहकारी निघू शकतो.

इंग्रजीचं म्हणशील, तर तुझी भीती अगदीच निराधार आहे असं मी म्हणणार नाही. क्यूएत डेव्हिएशन इंग्रजीत लिहावं लागतं, त्यामुळे ते यायलाच हवं. पण तिथे लागतं ते छोट्या वाक्यांचं, भूतकाळातलं, आकड्यांचं इंग्रजी. ‘वी वेअर शॉर्ट बाय फॉर्टी-एट कार्टन्स. आय चेक्ड द हँडओव्हर पेज. द क्वांटिटी वॉज नॉट रिटन.’ असं बोललीस तर पुरे. प्रसंग आधी घरच्या कुणाला तरी कोकणीत सांग. ज्या ठिकाणी ते ‘म्हणजे?’ विचारतील, तिथे तुझी गोष्ट अर्धवट आहे असं समज. ती नीट झाली की मग इंग्रजीत सांग, मोबाईलवर रेकॉर्ड कर आणि ऐक. वाक्यं पाठ करू नकोस. आकडे आणि क्रम पाठ कर, वाक्यं दर वेळी वेगळी आली तरी चालतात. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारून घे. एखादी गोष्ट इंग्रजीत अडलीच तर ‘मे आय एक्स्प्लेन धिस पार्ट इन हिंदी?’ असं आधी विचार. प्लांटवरच्या मुलाखतीत याला कुणी सहसा नाही म्हणत नाही. न विचारता मध्येच भाषा बदलली तर मात्र तू अडखळलीस एवढंच दिसतं.

गोव्यातली आणखी एक गंमत. पॅनेलवरच्या एचआरच्या बाई इथल्याच असतील तर ‘कशें आसा? खंयच्यान आयलें?’ म्हणून सुरुवात करतील, तुला मोकळं करायला. कोकणीतच उत्तर दे, खुशाल हस. पण शेजारचे क्यूए हेड हैदराबाद-अहमदाबादकडचे असू शकतात आणि एखादे साहेब मुंबईहून स्क्रीनवर असतील. खरा प्रश्न सुरू झाला की सगळ्यांना कळेल त्या भाषेत ये. कुणी सांगितल्याशिवाय आलीस तर तेवढ्यातच तुझ्या कम्युनिकेशनचा पुरावा मिळतो.

‘सरकारी नोकरी लागली तर सोडून जाल ना?’ हेही विचारतील. गोव्यात सगळ्यांनाच विचारतात. ‘नाही, कधीच नाही’ वर कुणाचा विश्वास बसत नाही. अर्ज केला असेल तर केलाय म्हण, आणि जायची वेळ आली तर नोटीस पिरियड पुरा करून, काम नीट सोपवून जाईन असं सांग.

मुलाखत संपताना ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ म्हणतील तेव्हा पगाराकडे धाव घेऊ नकोस. त्यांच्याकडे पाळीचं हँडओव्हर कागदावर होतं की सिस्टिमवर, ते विचार. तुझ्या गोष्टीनंतर तो प्रश्न अगदी सहज येईल.

राहिला रेझ्युमे. तिथे नोकरी देणारा म्हणून कॉन्ट्रॅक्टरचंच नाव लिही आणि खालच्या ओळीत ‘अमुक कंपनीच्या कुंडई प्लांटमध्ये, पॅकिंग विभाग’ असं घाल, तारखांसकट. पीएफ कॉन्ट्रॅक्टरकडून भरला जात असेल तर तुझ्या यूएएनच्या (पीएफच्या क्रमांकाच्या) पासबुकात त्याचंच नाव दिसणार, आणि नोकरी देण्याआधीची पडताळणी करणारे ते बघतात. तिथे एक नाव आणि रेझ्युमेवर दुसरं दिसलं तर निवड झालेली असूनही पत्र अडकतं. मुलाखतीला जायच्या आधी यूएएनच्या पोर्टलवरची सर्व्हिस हिस्टरी उघडून रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख नोंदलेली आहे का ते बघून घे. सोडल्याची तारीख कॉन्ट्रॅक्टरने भरली नसेल तर आत्ताच त्याच्या मागे लाग.